शनिवारची धार

जनावरांच्या घरात शनिवार नसतो. गाय आठवड्याचे सातही दिवस दूध देते आणि सातही दिवस तिला सोमवारसारखेच वाटतात. त्यामुळे देवणीच्या बिरादारांच्या थोरल्या सुनेनं, उज्वलानं, "येत्या शनिवारी आमी दोघं नांदेडला चाललाव, रविवारी येऊ" असं भर जेवणात जाहीर केलं, तेव्हा सासऱ्यांनी विचारलेला पहिला प्रश्न अगदी रास्त होता.

"कोण ॲडमिट हाय?" सटवाजी म्हणाले.

"कुणी न्हाई, मामंजी. फिरायला चाललाव."

"फिरायला म्हंजे?"

"दिवे बगायचे. भायेर जेवायचं. रातच्याला उशिरापर्यंत हिंडायचं."

सटवाजींनी मुलाकडं पाहिलं. बालाजी भाकरीकडं पाहत होता. तो सगळ्या कौटुंबिक प्रसंगी भाकरीकडं पाहतो. मागच्या दसऱ्याला फ्रीजवरून जे झालं तेव्हाही त्यानं दोन भाकरी जास्त खाल्ल्या होत्या.

"मग लातूरला जा की. जवळ पडतंय."

या सूचनेची उज्वलाला कल्पना होती. लातूर हे बिरादारांच्या लेखी शहर नाही, काम आहे. लातूरला माणूस दात काढायला जातो, कोर्टाच्या तारखेला जातो, नाहीतर पोराला ट्यूशन लावायला जातो. त्यांचा सत्यम तिथं बारावीला होता आणि रविवारी त्याची टेस्ट असायची. दर रविवारी असायची. रात्री अकराला लातूरच्या रस्त्यावर गर्दी नसते असं नाही, पण ती अभ्यासिकेतून सुटलेल्या पोरांची असते आणि चहा पिता पिता ती एकमेकांना सूत्रं विचारतात.

"लातूरला सत्यम दिसंल," उज्वला म्हणाली. "मग त्याला डबा. मग त्याच्या रूमची झाडझूड. फिरणं तिथंच संपलं."

सासूबाई, सिंधुबाई, सगळं ऐकत होत्या. त्यांनी ताट बाजूला सारलं आणि एकच विचारलं.

"आन मैना?"

मैना म्हणजे गोठ्यातली गाय. जातीची देवणी, अंगानं पांढरी, तोंड काळं, कान लांब, आणि स्वभाव सरकारी कार्यालयासारखा. ठरलेल्या माणसाशिवाय काम होत नाही. पहिलटकर होती तेव्हापासून ती उज्वलाच्या हाताला पान्हावते. दुसरं कुणी खाली बसलं की ती दूध वर ओढून घेते आणि लांब कुठंतरी पाहत उभी राहते.

"मैनाचं..." उज्वला थांबली. बोलणं मनात शंभरदा घोकलं होतं, पण मैनापाशी येऊन ते दर वेळी अडायचं.

"जा," सिंधुबाई म्हणाल्या. "मी बगते मैनाचं. मी काय जन्मात धार काढली न्हाई का?"

परवानगी मिळाली होती. पण ती ज्या आवाजात मिळाली, त्या आवाजात आपल्याकडं लोक दावा दाखल करतात.

*

नांदेडला दीर राहतो. दयानंद. ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये कामाला, तरोडा नाक्याकडं दोन खोल्यांचा फ्लॅट, बायको दीपमाला औश्याची. दीपमालानं बातमी कळताच गाद्या उन्हात घातल्या आणि जावेला फोन लावला.

"ताई, आतली खोली तुमाला काढून ठेवली. कुलर बी लावलाय."

"न्हाई गं. आमी लॉजवर उतरणार हाव."

गादी झोडपायचा आवाज थांबला.

"माझ्या घरात ढेकणं झालीत का?"

"तसं न्हाई, दीपमाला."

"मग कसं? सख्ख्या दिराचं घर असून लॉजवर? उद्या देवणीत बोंब होईल, धाकटीनं थोरलीला उंबऱ्याच्या आत घेतलं न्हाई. मी तोंड कुठं दाखवू?"

"माझं ऐकून घे. तुझ्या घरी आले की मी पहिल्यांदा काय करते?"

दीपमाला विचारात पडली. "ओटा पुसता."

"मग तू म्हनतीस, राहू द्या ताई. मी म्हनते, त्याला काय होतंय. आन रातच्याला ढीगभर भाकरी मी थापलेल्या असतेत आन नांदेडचे दिवे तुझ्या किचनच्या खिडकीतून बगते. दर बारीला असंच होतंय का न्हाई?"

खरं होतं. मागच्या खेपेला उज्वलानं गॅलरीची जाळीसुद्धा घासली होती. आणि आपण देवणीला जातो तेव्हा, दीपमालाला आठवलं, आपण चुलीपुढून उठतो ते परतीच्या एसटीत बसायला. रागाला धरून ठेवायला जागा उरली नव्हती.

"ताई," ती हळू आवाजात म्हणाली, "त्या लॉजवर अजून एक रूम हाय का?"

"कुणाला?"

"मला."

"तुझं घर हाय की नांदेडात."

"त्याच्यातच तर राहायचं न्हाई."

दयानंदला हे संध्याकाळी सांगण्यात आलं. चर्चेसाठी नव्हे, माहितीसाठी.

*

लॉजच्या काउंटरवर रेवणसिद्ध नावाचा पोक्त माणूस बसला होता. त्यानं बालाजीचं आधार कार्ड पाहिलं आणि पेन सरसावलं.

"दवाखाना का दर्शन?"

"न्हाई," बालाजी म्हणाला. "मज्जा."

रेवणसिद्धनं मान वर केली. बालाजीच्या कपाळाला गंध होतं, हातात पिशवी होती आणि पिशवीतून ज्वारीच्या भाकरीचा वास येत होता. त्यानं पुन्हा मान खाली घालून 'दर्शन' असं लिहिलं.

दयानंदनं आपलं कार्ड पुढं केलं.

"हे जमणार न्हाई, साहेब. लोकल आयडीवर आम्ही रूम देत न्हाई."

"म्हंजे मी नांदेडचा हाय म्हणून नांदेडात झोपू शकत न्हाई?"

"झोपा की. घरी झोपा."

दीपमालानं नवऱ्याला बाजूला सारून आपलं कार्ड ठेवलं. त्यावर अजून औश्याचा, माहेरचा पत्ता होता. तो बदलून घे म्हणून दयानंद लग्नापासून मागं लागला होता. रेवणसिद्धनं कार्ड उलटसुलट केलं, रूम दीपमालाच्या नावानं लिहिली आणि पेनानं दयानंदकडं बोट केलं.

"हे तुमच्यासोबत हायेत का?"

दीपमालानं उत्तर द्यायला गरजेपेक्षा थोडा जास्त वेळ घेतला.

"हाव," ती म्हणाली. "असू द्या."

उज्वला जिन्यापाशी तोंडाला पदर लावून हसत होती. हे बालाजीनं पाहिलं. बायकोला असं हसताना त्यानं शेवटचं कधी पाहिलं होतं ते त्याला आठवेना, आणि आठवायला समोर भाकरीही नव्हती.

*

संध्याकाळ झाली तशी चौघं निघाली. गुरुद्वाऱ्याची रोषणाई पाहिली, पाण्यात उतरलेले दिवे पाहिले, डोक्याला रुमाल बांधून दोघे भाऊ एकमेकांना बराच वेळ ओळखेनात. वजिराबादच्या बाजारात जावाजावांनी बांगड्या भरल्या. मग दीपमालानं सगळ्यांना एका हॉटेलाच्या गच्चीवर नेलं. तिथं दोऱ्यांवर बारके दिवे टांगलेले होते, कोपऱ्यात एक बाई माइक घेऊन गात होती आणि एक तरुण कीबोर्ड वाजवत होता. चिठ्ठी दिली की फर्माईश घेत होते. नांदेडचं अर्धं तारुण्य आणि त्याचे आईबाप तिथं तहरी, म्हणजे मसाल्याचा पिवळा भात, खात बसले होते.

"लई झाक हाय," उज्वला म्हणाली.

बालाजीनं जांभई दिली. बिरादारांच्या घराण्यात आठनंतर जागं राहायची पद्धत नाही, गाय व्यायला झाली असेल तर गोष्ट वेगळी. तो खुर्चीत ताठ बसला होता आणि डोळे मोठे करून नाईट लाइफ उपभोगत होता.

दीपमालाचं लक्ष जावेच्या हातांकडं गेलं. गाणं ऐकता ऐकता उज्वलाची बोटं पदराचा काठ दाबत होती. वरून खाली, वरून खाली. डावा, उजवा, डावा, उजवा.

"ताई, हात."

उज्वलानं खाली पाहिलं आणि पदर सोडला. "येळ झाली की होतंय तसं," ती म्हणाली. "आज उशीरच झालाय म्हणायचा."

*

देवणीला गोठ्यात सिंधुबाई उज्वलाची जुनी हिरवी साडी नेसून उभ्या होत्या. साडीला पेंडीचा वास होता. जनावर वासावर जातं हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

मैनानं साडी हुंगली. मग वर चेहरा पाहिला. मग मान फिरवली.

"पदर चुकला," सटवाजी खाटेवरून म्हणाले. "ती खोचती. तू सोडलास."

"तुमी गप बसा."

"मी बसलोच हाय."

दिवेलागणीपासून हे चाललं होतं. वासरू लावलं की मैना पान्हा सोडायची, वासरू ओढून बाजूला बांधलं की चोरायची. चरवीच्या तळाला चूळभर दूध होतं. डेअरीचं काउंटर अजून उघडं होतं, कास दगडासारखी टणक झाली होती, आणि सटवाजींच्या चेहऱ्यावर आनंद होता, तो ते काळजी म्हणून मिरवत होते.

"मी म्हनलंच हुतं. फोन लावतो बालाजीला. जीप करून येतील."

"लावू नका."

"कास सुजली तर?"

'मी बगते' असं सिंधुबाई चारचौघांत म्हणाल्या होत्या. शब्द हरला होता आणि मैना जिंकली होती. सटवाजींनी फोन लावला.

*

गच्चीवर बालाजीनं फोन ऐकला आणि बायकोकडं पाहिलं. काही सांगायची गरज नव्हती. उज्वलानं खुर्चीखालून पिशवी ओढली. तहरी नुकतीच आली होती, वाफ निघत होती.

"चला," ती म्हणाली.

"वहिनी, बसा जरा," दयानंद म्हणाला. "मी जीप बगून राहिलो. पण दोन घास तर खा."

"तिकडं ती उभी असंल भाऊजी. घास उतरायचा न्हाई."

रडली नाही ती. नुसती नव्या बांगड्या मनगटावर मागं सारत राहिली, कामाला बसताना सारतात तशा. दीपमालाला ते पाहवलं नाही. तिनं नवऱ्याच्या मोठ्या भावाच्या हातून फोन काढून घेतला. आजवर तिनं त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता.

"मामंजी, फोन मामींना द्या. मामी, मी दीपमाला. स्पीकर चालू करा आन फोन मैनाच्या कानाशी धरा. ताई बोलतेत तिच्याशी."

"गाईशी? फोनवर?"

"माणसं बोलतेतच की, मामी. उपयोग होतोच असं न्हाई."

उज्वलानं फोन तोंडाशी नेला. गाणारी बाई पाणी प्यायला थांबली होती, त्यामुळं सगळी गच्ची ऐकत होती.

"मैना," उज्वला म्हणाली. "माय माझी. पान्हाव गं. मी नांदेडात हाय. दूध सोड बरं, शाणी हायस ना."

पलीकडून सटवाजींचा आवाज आला. "शेपूट बी हलवलं न्हाई."

"ताई," दीपमाला म्हणाली, "तुमी रोज असंच बोलता का तिच्याशी?"

"न्हाई."

"मग रोज काय म्हनता?"

उत्तर बालाजीनं दिलं. त्याचे डोळे मिटत आले होते, आणि झोपेत माणूस खरं बोलतो.

"रोज मायची गाऱ्हाणी सांगती की तिला. कडबा टाकताना मी ऐकलंय."

स्पीकर दोन्हीकडं चालू होता. कीबोर्डवाल्यानं चुकून एक पट्टी दाबली आणि घाईनं बोट उचललं.

मग सिंधुबाईंचा आवाज आला, सरळ, कोरडा.

"सांग. फोन मी धरलाय, पर मी ऐकून न्हाई राहिले."

उज्वलानं एकदा सगळ्यांकडं पाहिलं. मग डोळे मिटले आणि रोजच्या आवाजात सुरुवात केली.

"मैना, परवा मामी म्हनल्या चहात साखर लई पडती. मी न्हाई गं टाकत. मामंजी उठून टाकतेत, चोरून, आन डबा फळीवर मागं सारतेत."

"हे कशाला मधी?" सटवाजी म्हणाले.

"मामी मला वाईट बोलत न्हाईत. चांगलं बी बोलत न्हाईत. लुगडं आणलं तर हातात देत न्हाईत, खुंटीला अडकवतेत. मी आपलं समजून घ्यायचं. भाजी चांगली झाली तर एक भाकर जास्त खातेत, पर तोंडानं म्हनणार न्हाईत. आन ह्या घरात आल्यापास्नं एकदा तरी म्हनावं, तू बस, आज मी काढते धार. मी काय बसले नसते गं. उठलेच असते. पर म्हनावं."

शेजारच्या टेबलावरच्या बाईची कुल्फी हातावर ओघळत होती. ती पुसायचं तिला सुचलं नाही.

देवणीत मैनाचा एक कान फोनकडं वळला होता. एकच. सिंधुबाईंनी तो पाहिला, कास पाहिली, चरवी पाहिली. हातातल्या फोनकडं पाहिलं. त्या जन्मात कधी खोटं बोलल्या नव्हत्या, निदान असं त्या नेहमी सांगत.

"पान्हावली," त्या म्हणाल्या.

"खरंच, मामी?"

"भरायली चरवी. ठिव आता. बसून जेव. यायची घाई करू नका."

फोन बंद झाला. गच्चीवर टाळ्या पडल्या. गाणाऱ्या बाईनं माइक उचलून पुढचं गाणं देवणीच्या मैनाला अर्पण केलं आणि बालाजी दचकून जागा झाला.

"सुटलाव," तो म्हणाला.

उज्वला उभीच होती. धार काढताना आवाज येतो. आधी रिकाम्या तळावर बारीक, टणक. मग फेस धरतो तसा जाड, मऊ. फोनवर तिनं रातकिडे ऐकले, मामंजींचं खाकरणं ऐकलं. धार ऐकली नाही.

तिला कळलं. टेबलावर आणखी कुणाला कळलं नव्हतं. आत्ता जीप केली तर मैना मोकळी होईल, पण गोठ्यात सासूसमोर चरवी उघडी पडेल. आणि ते खोटं सासूनं तिच्यासाठी बोललं होतं. खुंटीवर अडकवलं नव्हतं, हातात दिलं होतं.

तिनं पिशवी पुन्हा खुर्चीखाली सारली.

"भाऊजी, कुल्फी सांगा," ती म्हणाली. "मलईची. आन त्या बाईला चिठ्ठी द्यायची असती ती कशी देतेत?"

*

"कुठं पान्हावली?" सटवाजी खाटेवरून उठले.

"तुमाला काय करायचंय." सिंधुबाईंनी वासराचं दावं सोडलं. वासरू उडी मारून कासेला लागलं आणि मैनानं क्षणात पान्हा सोडला.

"अगं, सगळं पिऊन टाकील. हागवण लागंल त्याला."

"लागू द्या. शहरात गेलेले कुठं मोजून खाऊन राहिलेत? त्याचा बी शनिवार हाय."

"आन डेअरीवर काय सांगू? बिरादारांचं दूध कधी चुकलं न्हाई."

"सांगा, आजचं दूध नांदेडला गेलंय."

सटवाजींनी रिकामी कॅन उचलली आणि ते खरोखरच हे सांगायला गेले. जाताना साखरेविषयी काही बोलणं निघालं नाही यातच त्यांनी समाधान मानलं.

गोठ्यात सिंधुबाईंनी चरवी पालथी घातली आणि तिच्यावर बसल्या. त्या घरात नव्या होत्या तेव्हा इथं मैनाची पणजी बांधलेली असायची. तिला त्यांनी आपल्या सासूबद्दल काय काय सांगितलं होतं. ती गाय चरवी भरून दूध द्यायची. ह्या घराची खरी हकिकत पुरुषांना कधीच पुरती ठाऊक नव्हती, ती गाईंच्या वंशात उतरत आली होती.

वासरू पीत होतं. मैना लांब कुठंतरी पाहत होती.

"आता माझं ऐक," सिंधुबाई तिला म्हणाल्या, आणि पदर खोचला.

*

रविवारी उज्वला उन्हं वर आल्यावर उठली. लॉजच्या खिडकीतून नांदेड दिसत होतं, शेजारच्या खोलीत दीपमाला नवऱ्याला चहा सांगायला खाली पाठवत होती, बालाजी भिंतीकडं तोंड करून घोरत होता. उज्वलानं फोन लावला.

"मामी, सकाळची धार?"

"काढली."

"पान्हावली?"

"हाव."

या वेळी खरं असावं. मागून दूध गाळल्याचा आवाज येत होता.

"किती निघालं?"

"अर्धी चरवी."

"अर्धीच? माझ्या हाताला तर रोज भरून येती."

"येत असंल," सिंधुबाई म्हणाल्या. "मला तुझ्याबद्दल सांगाया तेवढंच निघालं."